बेअरिंग बदलले, पण उघडून पाहिले का?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात नुकतेच एका वाचकाचे सोसायटीच्या पाण्याच्या पंपाविषयीचे पत्र वाचले. नवे बेअरिंग (फिरत्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, आधार देणारे, दोन रिंगांमध्ये पोलादी छर्रे असलेले कडे) घातले तरी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तीच घरघर सुरू होते, तेव्हा बाजारात मिळणारा मालच खोटा असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. खोटा माल बाजारात असतो, हे मी नाकारत नाही. परंतु बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की दोष पुष्कळदा खोक्यातून येत नाही. तो आपल्याच हातोडीने, फडक्याने किंवा दुर्लक्षाने बेअरिंगच्या खोबणीवर, म्हणजे रिंगेतल्या ज्या चरीतून छर्रे धावतात तिच्यावर, उमटवला जातो, आणि काढलेले बेअरिंग कोणी उघडूनच पाहत नसल्यामुळे तोच दोष नव्या बेअरिंगवर पुन्हा उमटतो.

आमच्याच सोसायटीची हकीकत सांगतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्याच्या मागच्या खोलीत असलेला आमचा पंप मोटरसकट बुडाला. पाणी ओसरल्यावर मोटर दुरुस्तीला गेली, वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, भट्टीत वाळवले गेले, त्यावर व्हार्निश चढले, मेगर हे मापक लावून इन्सुलेशन तपासले गेले आणि मोटर परत आली. बेअरिंग हाताने फिरवून पाहिली, फिरली, म्हणून तशीच राहू दिली. दिवाळीपर्यंत पंप निमूट चालला. पुढे मात्र पहाटे पंप सुरू झाला, की पहिल्या मजल्यावरच्या काकूंना गजराची गरज उरली नाही. मेकॅनिकने येऊन एक बेअरिंग बदलले. दोन महिन्यांत पुन्हा आवाज. या खेपेस मी सेक्रेटरींना विनंती केली, की काढलेले बेअरिंग भंगारवाल्याला न देता माझ्याकडे द्या. सुदैवाने आधीचेही पंपाच्या खोलीत, जुन्या नळाच्या तोट्यांच्या डब्यात पडलेले सापडले.

दोन्ही बेअरिंग ६२०५ क्रमांकाची होती, म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर, आत नऊ छर्रे आणि त्यांना ठरावीक अंतरावर धरणारा पिंजरा. पिंजर्‍याचे रिवेट ग्राइंडरवर उडवले, छर्रे एका बाजूला गोळा केले, आतली रिंग सरकवून काढली, सगळे रॉकेलमध्ये धुतले आणि घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावून खोबणी खिडकीच्या उजेडात धरल्या.

दोन्ही बाहेरच्या रिंगांवर चाळीस-चाळीस अंशांच्या अंतराने नऊ-नऊ खुणा होत्या. साध्या डोळ्यांना त्या जवळपास सारख्या दिसत होत्या. भिंगाखाली मात्र त्यांचे कुळ वेगळे असल्याचे स्पष्ट झाले. पुरात बुडालेल्या बेअरिंगमधल्या खुणा काळपट तपकिरी होत्या, त्यांच्या कडा खाल्लेल्या होत्या, नख फिरवले तर खरखर जाणवत होती, आणि कारखान्यात शेवटच्या घासणीत पडलेल्या बारीक रेषा तेवढ्या जागी नाहीशा झाल्या होत्या. मोटर थांबलेली असताना छर्रा आणि खोबण यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत पाणी ओढले जाते आणि बाकीचे सुकले तरी तिथे टिकून राहते. त्यामुळे गंजही छर्‍यांच्या अंतराअंतरानेच धरतो. दुसर्‍या, म्हणजे नव्याने घातलेल्या बेअरिंगमध्ये खुणा चकचकीत होत्या, उथळ वाटीसारख्या होत्या आणि खोबणीच्या मध्यावर नसून एका खांद्याकडे सरकलेल्या होत्या. विशेष म्हणजे वाटीच्या तळाशीसुद्धा मूळ ग्राइंडिंगच्या रेषा शाबूत होत्या. धातू गंजला नव्हता, झिजलाही नव्हता. तो चेपला होता.

चेपला कसा, हे सांगणे अवघड नाही. मोटरमध्ये आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसते. ती ठोकून बसवताना हातोडी जर बाहेरच्या रिंगेवर पडली, तर प्रत्येक ठोक्याचा भार छर्‍यांतून वाट काढत आतल्या रिंगेकडे जातो, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या संपर्काच्या जागी कडक केलेले पोलादसुद्धा दबते. या खुणेला ब्रिनेलिंग म्हणतात. कडक गोळी धातूत दाबून उमटलेल्या खड्ड्यावरून कठीणपणा मोजण्याची पद्धत स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडली, त्यांच्यावरून हे नाव पडले. आमच्या मेकॅनिकने नकळत एकाच बेअरिंगची नऊ ठिकाणी ब्रिनेल चाचणी केली होती, असे म्हणायला हरकत नाही. पंपात पाण्याच्या दाबामुळे शाफ्ट एका बाजूला ढकलला जातो आणि छर्‍यांची वाटही खोबणीच्या मध्यापासून त्या बाजूला सरकते. आमच्या दुर्दैवाने ती नेमकी खड्ड्यांच्याच बाजूला सरकली होती.

नखाला जेमतेम जाणवणार्‍या खड्ड्याने एवढे काय बिघडते, असे सेक्रेटरींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. बेअरिंगच्या जगात मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालते. चांगल्या प्रतीच्या, दहा ग्रेडच्या छर्‍याला गोलाईत पाव मायक्रॉनपेक्षा अधिक चूक माफ नसते, तर माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. छर्रा आणि खोबण यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा वंगणाचा पापुद्रा बहुधा मायक्रॉनच्या आतबाहेरच असतो. बेअरिंगची स्थिर भारक्षमता ठरवताना जो कायमचा खळगा चालवून घेतला जातो, तो छर्‍याच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच. ६२०५ मधला छर्रा ७.९४ मिलिमीटरचा असतो, तेव्हा ही मर्यादा ०.८ मायक्रॉनच्याही आत येते. नखाला जाणवणारी गोष्ट या हिशेबात खड्डा नसून विहीर आहे. त्यातही खड्ड्याच्या खोलीइतकाच घात त्याच्या काठाने होतो. दबलेला धातू कडेला वर उचलला जातो, तो उंचवटा वंगणाचा पापुद्रा फाडतो, प्रत्येक छर्रा त्याच्यावर आदळतो, पोलाद थकते, बारीक तडा जातो आणि काही लाख ठोक्यांनंतर तिथून खपली निघते. मग ती खपली छर्‍यांखाली सापडून पुढे नव्या खुणा पाडत जाते. फडक्यातून किंवा उघड्या ग्रीसच्या डब्यातून आलेला वाळूचा कणही हेच करतो, फक्त अधिक सावकाश.

आता आवाजाकडे वळतो. नवरात्रात गरब्याच्या रिंगणात एका जागी फरशी उचकटलेली असेल, तर तिथे येणारा प्रत्येक जण ठेचकाळतो, आणि डोळे मिटून बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही ठेचांचा ठेका ऐकू येतो. बेअरिंगमध्ये हाच ठेका मोजता येतो. आमचा पंप मिनिटाला २८८० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४८. पिंजरा मात्र शाफ्टच्या वेगाने फिरत नाही. ६२०५ मध्ये तो शाफ्टच्या सुमारे ०.४ पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १९ फेरे घेतो. नऊ छर्रे गुणिले १९ फेरे, म्हणजे स्थिर असलेल्या बाहेरच्या रिंगेवरच्या एका खड्ड्यावर सेकंदाला सुमारे १७२ ठोके पडतात. आतली रिंग स्वतःच फिरत असल्यामुळे तिच्यावरचा खड्डा छर्‍यांना अधिक वेळा भेटतो आणि तिथे सुमारे २६० ठोके पडतात. दोन्हींची बेरीज ४३२ येते, म्हणजे नऊ छर्रे गुणिले ४८ फेरे. ही बेरीज जुळली नाही, तर हिशेबात कुठेतरी चूक आहे असे समजावे. खड्डा छर्‍यावरच असेल, तर तो आळीपाळीने दोन्ही रिंगांवर आदळतो आणि ठोके सेकंदाला २२६ च्या आसपास जातात.

केवळ आकड्यांवरून नव्हे, तर ठेक्याच्या चढउतारावरूनही दोषाची जागा कळते. बाहेरच्या रिंगेवरचा खड्डा भाराच्या बाजूला असेल, तर सगळे ठोके सारख्याच जोराचे येतात. आतल्या रिंगेवरचा खड्डा शाफ्टबरोबर फिरत भाराखाली येतो आणि बाहेर जातो, त्यामुळे ठोके शाफ्टच्या प्रत्येक फेर्‍याला मोठे आणि लहान होतात. छर्‍यावरचा दोष पिंजर्‍याच्या संथ गतीने असाच चढतो-उतरतो. आमच्या ठोकून बसवलेल्या बेअरिंगची तर्‍हा आणखी निराळी होती. खड्डे छर्‍यांच्याच अंतराने पडलेले असल्यामुळे नऊही छर्रे एकाच क्षणी नऊ खड्ड्यांत उतरत होते. ठोक्यांची संख्या १७२ च राहिली, पण प्रत्येक ठोका सामुदायिक होता, आणि काकूंची झोप त्यामुळेच उडत होती.

ही गणिते तंतोतंत जुळतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. छर्रे थोडे घसरतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. १७२ च्या जागी १६९ दिसले म्हणून 'बेअरिंगचा दोष नाही' असा शेरा मारणारे उत्साही तरुण मी पाहिले आहेत.

याहून मोठी फसगत कारखान्यांत होते, आणि तिच्याविषयी लिहिणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मी ज्या कारखान्यात होतो, तिथे एका ब्लोअरच्या मोटरचे कंपन दर महिन्याला मोजले जाई. वाचन सेकंदाला २.१ मिलिमीटर आले. त्या वेळच्या आयएसओ १०८१६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात १५ ते ७५ किलोवॉटच्या यंत्रांना २.८ पर्यंत दीर्घकाळ चालवण्यास हरकत नसे, म्हणून अहवालावर 'समाधानकारक' असा शेरा पडला. त्यानंतर अकराव्या दिवशी, रात्रपाळीत, बेअरिंग जाम होऊन आतली रिंग शाफ्टवर फिरली आणि शाफ्टही गेला. मोजणार्‍याने चूक केली नव्हती. त्याच्या हातातल्या यंत्राला जे विचारले होते, तेच त्याने सांगितले. असंतुलन, कपलिंगची तिरपाई, सैल पाया असे संथ आणि मोठे दोष त्या वाचनात उत्तम दिसतात. बेअरिंगच्या पृष्ठभागावरचा कोवळा दोष तिथे दिसत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तांब्याला नखाने टिचकी मारली, की टिचकी क्षणात संपते, पण तांब्या स्वतःच्या सुरात किणकिणत राहतो. छर्रा खड्ड्याच्या काठावर आदळतो तेव्हा रिंग आणि बेअरिंग ज्यात बसते ते घर यांचेही तसेच होते, आणि ही किणकिण सेकंदाला काही हजार कंपनांची असते. कंपनाचा वेग मोजण्याची नेहमीची पट्टी १० ते १००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांची. किणकिण तिच्या बाहेरच राहते. पट्टी रुंदावली तरी फार फरक पडत नाही. समजा, संथ आणि जलद अशा दोन्ही कंपनांचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, सारखेच, दर सेकंदवर्गाला १० मीटर आहे. २४ हर्ट्झला त्यातून सेकंदाला ६६ मिलिमीटर वेग मिळतो, म्हणजे यंत्र पायावरून उखडेल असे वाटावे. ५००० हर्ट्झला त्याच त्वरणातून ०.३२ मिलिमीटर एवढाच वेग मिळतो. २.१ च्या वाचनात हे ०.३२ कुठे बुडून जाईल, ते कळणारही नाही. म्हणून बेअरिंगसाठी त्वरण मोजावे लागते, वरच्या पट्टीतली किणकिण गाळून वेगळी काढावी लागते आणि तिच्या चढउताराची बाह्यरेषा पाहावी लागते. त्या रेषेत १७२ किंवा २६० चा ठेका स्वच्छ उभा राहतो. ही एन्व्हलपची पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे, तिची उपकरणे आज लहान कारखान्यांच्याही आवाक्यात आली आहेत. तरीही मासिक अहवालात एकच आकडा आणि एकच शेरा का असतो, याचे समाधानकारक उत्तर मला नोकरीत कधी मिळाले नाही.

दुसरी फसगत कानाची आहे. मोठ्या पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाच्या हाडावर ठेवून बेअरिंग ऐकणे ही आमच्या पिढीची विद्या होय, आणि मी तिला कमी लेखत नाही. परंतु खपली निघाल्यावर तिच्या धारदार कडा छर्‍यांखाली लाटल्या जाऊन गुळगुळीत होतात, तेव्हा ठोक्यांची धार काही काळ बोथट होते आणि आवाज कमी होतो. नेमके त्याच सुमारास कोणीतरी ग्रीसचे चार पंप मारलेले असतात, आणि 'ग्रीस घातले, आवाज गेला' असे श्रेय ग्रीसला मिळते. वाढत गेलेला आवाज काही कारण नसताना उतरला, तर निश्चिंत न होता त्या बेअरिंगवर अधिक नजर ठेवावी.

पृष्ठभागावर खुणा पाडणारी आणखी दोन कारणे हल्ली वाढली आहेत. पहिले, वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा जोडाजवळ न लावता यंत्राच्या दुसर्‍या टोकाला लावला, की विजेचा प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि छर्‍यांखाली धातू वितळून सूक्ष्म खड्डे पडतात. वेग बदलणार्‍या ड्राइव्हवर चालणार्‍या मोटरमध्येही शाफ्टवर वीज साठून तेच होते, आणि कालांतराने खोबणीत पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा उमटतात. दुसरे, राखीव म्हणून शेजारी उभा ठेवलेला पंप. चालणार्‍या पंपाची थरथर पायातून त्याच्यापर्यंत पोहोचते, छर्रे एकाच जागी घासत राहतात, वंगण बाजूला सरते आणि प्रत्येक छर्‍याखाली तांबूस भुकटी व खळगा तयार होतो. अशा पंपाचे बेअरिंग एक दिवसही न चालता खराब होते. दोन पंप असतील तर ते आठवड्याच्या पाळीने चालवावेत. यास काही खर्च येत नाही.

कोर्‍या, निर्दोष बेअरिंगलाही थोडे कंपन असतेच, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ग्राइंडिंगमध्ये खोबणीवर अतिसूक्ष्म लाटा राहतात. त्यांची संख्या छर्‍यांच्या पटीत किंवा त्याहून एकाने कमी-अधिक आली, तर बेअरिंग नवे असूनही गुणगुणते. पण तो निर्मात्याचा प्रश्न झाला, आणि नामवंत निर्माते तो खोक्यात भरण्यापूर्वीच तपासतात.

आपल्या हातात जे आहे, ते फार साधे आहे. जी रिंग घट्ट बसते, तिच्यावरच नळी टेकवून दाब द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे बेअरिंग ११० अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर नुसते सरकवावे. गॅसची ज्योत थेट लावू नये. पुरात बुडालेल्या मोटरचे बेअरिंग फिरते की नाही हे पाहत न बसता सरळ बदलावे, कारण त्याची किंमत वाइंडिंगच्या खर्चापुढे काहीच नसते. आणि सोसायट्यांच्या समित्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की जुने बेअरिंग हातात मिळाल्याखेरीज दुरुस्तीचे बिल चुकते करू नये.

एक मागणी शिक्षणसंस्थांकडेही आहे. हाताने काम करत शिकण्याची परंपरा या शहराला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, ते याच विचाराने. आयटीआयमध्ये आणि डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये मुलांना बेअरिंग बसवायला शिकवतात, क्रमांक पाठ करून घेतात, परंतु निकामी झालेले बेअरिंग उघडून त्याची खोबण वाचायला शिकवत नाहीत. कारखान्यांच्या भंगारात असा अभ्याससाहित्याचा ढीग रोज पडतो, आणि त्यासाठी ग्राइंडर, रॉकेल आणि भिंग यांपलीकडे काही लागत नाही. चार प्रकारच्या खुणा एकदा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, तर पुढे कारखान्यात गेलेला मुलगा हातोडी उचलताना निदान कोणत्या रिंगेवर मारतो आहे, ते तरी पाहील.

आमच्या पंपात तिसरे बेअरिंग मी समोर उभे राहून, तापवून बसवून घेतले. मेकॅनिकला आधीच्या दोन्ही रिंगा भिंगातून दाखवल्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चकचकीत खुणांची रिंग आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवण्यासाठी मागून घेतली. गंजलेली माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन,
दांडिया बाजार, बडोदे